दिनविशेष संध्याकाळी साजरे होऊ द्या

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

एका खेड्यातल्या ‘ड’ वर्ग, म्हणजे शासनमान्य ग्रंथालयांतल्या सर्वांत लहान वर्गातल्या, वाचनालयात मी पुस्तकांची देवघेव सांभाळते. येत्या दिवसांत आमच्याकडे १५ ऑक्टोबरचा, डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन आहे आणि पाठोपाठ दिवाळी अंकांची योजना. त्यासाठीच हे पत्र.

आजवर हा दिन आम्ही सकाळी अकराला करत आलो. शाळेतून मुलं रांगेनं यायची, डॉ. कलामांच्या तसबिरीला हार, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, फोटो, अहवाल. साडेअकराला खोली रिकामी. पुस्तकं मी होती तशी कपाटात लावायची, एकही घरी गेलेलं नसायचं. चूक आमचीच. त्या वेळी आया सोयाबीन काढायला गेलेल्या असतात, वडील कामावर.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी संध्याकाळी सातला सतरंज्या अंथरल्या आणि घरोघर निरोप दिला, मुलांबरोबर मोठ्यांनीही या. एक आजी नातवाला घेऊन आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. नातू मोठ्यानं गोष्ट वाचत होता, तो ‘जातं’ या शब्दापाशी थांबला. आजींनी खुंटा धरल्यासारखी मूठ करून हात गोल फिरवला आणि एक ओवी म्हटली. पुढची मागून कुणीतरी उचलली. कुलूप लावायला साडेनऊ झाले. त्या आठवड्यात चार नवे सभासद झाले, चौघीही बायका.

दिवाळी अंकांचं तर आपण जाणताच. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं ही प्रथा पाडली, आणि आज ठरावीक वर्गणी भरून पुढचे काही महिने अंक बदलून नेण्याची योजना गावोगावची वाचनालयं चालवतात. वर्षभर न फिरकणारी मोठी माणसं या दिवसांत हमखास येतात. त्यांना धरून ठेवायचं तर नुसतं अंक देऊन भागत नाही, वाचलेल्यावर बोलायला एखादी संध्याकाळ हवी.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं आमच्यासारख्या वाचनालयांना शासनाचा आधार दिला, त्याची जाणीव आहे. पण हाती येणारं अनुदान पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि तुटपुंज्या मानधनातच संपतं. कार्यक्रमांसाठी वेगळी रक्कम ठेवा, लहान असली तरी चालेल. संध्याकाळी थांबणाऱ्या सेवकाला त्या तासांचे पैसे मिळू द्या. आणि अहवालात फोटोबरोबर एवढंही विचारा, की कार्यक्रमानंतर महिनाभरात किती घरांनी पुस्तक नेलं. हा आकडा माझ्या देवघेव नोंदवहीत रोज लिहिलेला असतो.

या वर्षी १५ ऑक्टोबरला आम्ही संध्याकाळी सातला बसणार आहोत. आजींनी यायचं कबूल केलंय. आपणही या.

आपली,
एक ग्रंथालय सेविका