क्लचखाली काय होतं

भांडुप, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सात महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. कारणं सांगत बसत नाही, माझी कारणं तुला पाठ आहेत. आईची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा ठीक, घरी सगळे मजेत. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

आपली वॅगन-आर मे महिन्यापासून रिव्हर्स टाकताना ओरडायला लागली. आमचं पार्किंग तू पाहिलंयस. दोन खांबांच्या मधे, एका बाजूला जिन्याची भिंत, पलीकडे पाण्याचा पंप. रोज संध्याकाळी गाडी उलटीच घालावी लागते, आणि रोज संध्याकाळी ते खर्र्र! पहिल्या मजल्यावरचे काका खिडकीत यायचे. तो आवाज नुसता कानाला नाही रे, हाताला कळतो. दांड्यातून मनगटात येतो. दात दातावर घासला की आपल्याच जबड्यात कळ यावी तसं होतं.

गॅरेजवाल्याने दोनदा टाकून पाहिला आणि म्हणाला, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. १८ ते २२ हजार. काय बिघडलंय विचारलं तर म्हणे उघडल्यावर कळेल. मला ते काही पटेना. पुढचे पाचही गिअर लोण्यासारखे पडतायत, मग एकट्या रिव्हर्सचंच काय बिनसलं?

तेव्हा अण्णा आठवले, आणि त्यांच्या फियाट टॅक्सीवरचं आपलं शिकणं. "क्लच दाबलास? आता तीन मोज. मोजल्याशिवाय हात हलवायचा नाही." शिवडीला, पोर्ट ट्रस्टच्या गोदामांमागच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी सहा वाजता. आपल्याला वाटायचं म्हाताऱ्याची शिस्त आहे. शिस्त नव्हती बंड्या, गिअरबॉक्सच तसा असतो. पुढच्या गिअरांना आत पितळी रिंगा असतात. दात एकमेकांत अडकायच्या आधी त्या रिंगा घासून दोघांचा वेग सारखा करतात. आपल्यासारख्या साध्या गाड्यांत रिव्हर्सला ती सोय बहुधा नसतेच. मधलं एक सरळ दातांचं चाक सरकून येतं आणि दोन दातेऱ्यांच्या मधे शिरतं. ती थांबलेली असतील तर गुपचूप शिरतं, फिरत असतील तर ओरडतं. गाडी न्यूट्रलला उभी असली तरी आतला शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच असतो. क्लच दाबला की तो इंजिनापासून सुटतो, पण लगेच थांबत नाही, दोन-तीन सेकंद घेतो. अण्णांचे तीन आकडे ते हेच.

आणि दुसऱ्या गिअरचं आठवतं? अण्णा रिव्हर्सच्या आधी दांडा नेहमी दुसऱ्यात नेऊन आणायचे. मी माझ्या गाडीत तेच पहिल्याने करत आलो, आणि "पहिला जवळ असताना दुसरा कशाला" यावरून आपण परळपासून लालबागपर्यंत भांडलो होतो. तू म्हणायचास, अण्णा करतात म्हणजे काहीतरी असणारच. होतंच. जुन्या फियाटच्या पहिल्या गिअरलाही ती रिंग नव्हती, त्यामुळे रिंगेने घासून फिरता शाफ्ट थांबवायचा तर दुसराच लागायचा. ३० वर्षांनी तू जिंकलास.

तर मागच्या रविवारी मी पार्किंगमध्येच ठाण मांडलं. इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकला, अलगद पडला. म्हणजे दांडा आणि त्याचं जोडकाम नीट पोचतंय. इंजिन चालू करून क्लच दाबला आणि लगेच टाकला, खर्र्र. तीन मोजून टाकला, जरा कमी. दहा मोजले. बंड्या, दहा मोजूनही कुरकुरला! इथे मी उठून बसलो. नुसती माझी घाई असती तर दहा सेकंदांत शाफ्ट मेल्यासारखा थांबायला हवा होता. तो थांबत नाही याचा अर्थ इंजिन त्याला अजून थोडं ओढतंय, क्लच पुरता सुटतच नाहीये. मग पहिल्यात टाकून रिव्हर्सला आणला, तरी कुरकुर. पहिला त्याला थांबवत होता, पण तिथून रिव्हर्सपर्यंत येईतो तो पुन्हा फिरायला लागत होता. खात्रीसाठी सपाटीवर क्लच तळापर्यंत दाबून पहिला टाकला आणि हँडब्रेक सोडला. गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकली.

पेडलखाली टॉर्च मारला. रबरी मॅट सरकून दुमडली होती आणि तिची घडी बरोब्बर क्लचच्या खाली. पेडल तळाला टेकल्यासारखं वाटायचं, पण मॅटवर अडायचं.

ती घडी हातात धरून मी किती वेळ बसलो माहीत नाही. मी हे आधी पाहिलेलं आहे.

तो रविवार. तुझी पाळी होती. तू रिव्हर्स टाकलास आणि टॅक्सी अशी किंचाळली की गोदामाचा वॉचमन धावत आला. अण्णांनी तुला तिथेच उतरवलं. "तीन मोजायची अक्कल नाही, माझ्या पोटावर पाय देतोस" असं सगळ्यांसमोर म्हणाले, आणि दिवाळीपर्यंत तुला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तू मोजले होतेस. मी मागे बसून ऐकले होते. तुझ्याआधी मी चालवत होतो, आणि पकड यावी म्हणून चपला काढून पुढेच ठेवल्या होत्या. डावी सरकून क्लचखाली गेली होती. तुला उतरवलं तेव्हा मी दारातून वाकलो, ती हळूच ओढून घेतली, पायात घातली आणि गप्प राहिलो. अण्णांनी मला पुन्हा बसवलं तेव्हा गिअर गुपचूप पडला. अण्णा म्हणाले, "बघ, ह्याचा पडतो." बंड्या, ते वाक्य मी इतकी वर्षं गिळून बसलोय. परत येताना तू बसमध्ये एक शब्द बोलला नाहीस, आणि मला वाटत राहिलं की तुला कळलंय. कळलं होतं का?

माफ कर. पत्रातच लिहितोय, कारण फोनवर मी पुन्हा विषय बदलला असता.

पुढचं सांगतो, तुला हवंच असेल. मॅट काढल्यावर आवाज अर्धा गेला. मग पेडलचा ढिलेपणा पाहिला. हाताने दाबलं तर जोर लागायच्या आधीच चार सेंटीमीटर आत जात होतं, हवं दीड-दोन. गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलचा नट आवळला, बेताने, कारण फार आवळला तर क्लच घसरून प्लेट जळते. चार दिवस गाडी शहाण्यासारखी वागली. पाचव्या दिवशी एलबीएस रोडला दीड तास अडकलो, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. नट आवळून ढिलेपणा परत येतो म्हणजे केबलच लांबतेय. काढली. पेडलकडच्या टोकाला चार तारा तुटून दाढीच्या ब्रशासारख्या फिस्कारल्या होत्या, उरलेल्यांवर सगळा भार. नवी केबल ६५० रुपये. गिअर ऑइलही बदललं. ऑइल काढायच्या प्लगला राखाडी चिखल होता, पण बोटांत चोळून पाहिला तर कण लागला नाही.

आता रिव्हर्स पडतो तेव्हा दांड्याला फक्त एक मऊ टप् लागतो. काका खिडकीत येत नाहीत.

एक चिंता राहिलीय. तीन महिने मी ते दात रोज घासले. कडा थोड्या झिजल्याच असणार. पुढे कधी रिव्हर्स आपोआप सुटायला लागेल का? अण्णांना विचार, त्यांचा कान अजून तल्लख आहे. टॅक्सी विकल्यावरही रस्त्यावरच्या फियाटींचे आवाज ऐकून ते नुकसान सांगायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी, म्हणजे आपल्या फियाट, टॅक्सी बंद झाल्या तेव्हा त्यांना फोन करायला हवा होता. तोही राहिला.

पोरीची बारावी कशी गेली? कलमांना यंदा आंबा किती लागला? वहिनींना नमस्कार.

गणपतीला गाडी घेऊन येतोय. चपलेचं अण्णांना मीच सांगेन, तू आधी सांगू नकोस.

तुझा,
पक्या

ता.क. तुझ्या पिकअपचा गिअर सकाळी जड पडतो म्हणाला होतास. केबल नसून ऑइलवरचा क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा पंप करून बघ. त्याने सोपा पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल गळतंय. डबीतली पातळी आजच बघ, त्यात ब्रेकचंच ऑइल लागतं.