आंबोलीला येण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बेडकांचे फोटो काढायला जुलैत आंबोलीला यायचं तू नक्की केलंस, वाचून फार आनंद झाला. मॅक्रो लेन्स, फ्लॅश, डिफ्यूझर, तुझी यादी चोख आहे. फक्त त्या यादीत तुझ्या स्वतःच्या अंगासाठी काहीच नाही, म्हणून हे पत्र.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बेडूक बघायचे तर रात्री, त्याच पावसात, तासन् तास ओलं राहायचं. सड्यावर, म्हणजे इथल्या उघड्या कातळाच्या पठारावर, वारा सुटला की थंडी हाडात शिरते. हुडहुडी भरली की बोटं आधी जड होतात, मग डोकं. पाय घसरतो तो तेव्हाच. म्हणून जीन्स अजिबात नको. पटकन वाळणारी पँट, शर्ट-पँट वेगळे असलेला रेनकोट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, त्यात स्वेटर हवाच. खिशात चिक्की किंवा खजूर ठेव.

डोक्याला लावायची एक बॅटरी आणि हातातली दुसरी, दोन्ही हव्यात, जादा सेलसकट. शिट्टी गळ्यात असू दे. हे सगळं अंगावर ठेवायचं, गाडीतल्या बॅगेत नाही. मोबाइलची रेंज मध्येच जाते, तेव्हा कुठल्या बाजूला चाललोय आणि किती वाजता परत येणार हे उतरतो तिथे सांगूनच निघू.

आता सापांचं. सड्यावर फुरसं असतं, दगडाच्या रंगात मिसळून गेलेलं. बेडकासाठी तू आडवा पडणार, म्हणून कोपर किंवा गुडघा टेकवण्याआधी तिथे बॅटरी मारून बघायची. गमबूट रात्रभर पायातच. मलबारी चापडा हा दुसरा विषारी साप ओढ्याकाठच्या फांदीवर अगदी हाताच्या उंचीवर बसलेला असतो. शंभर मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने अगदी जवळून पूर्ण मोठं चित्र घ्यायला गेलास तर लेन्स आणि त्याचं तोंड यांच्यात वीतभरही अंतर उरत नाही. लांबून घे, नंतर फोटो कडेने काप. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. चापड्यासाठी ते नाही. कुणालाही, कुठलाही साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-घड्याळ काढायचं, १०८ लावायचा आणि सरळ रुग्णालय गाठायचं. एक लांब क्रेप बँडेज त्यासाठीच घे.

जळवांना घाबरू नकोस. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जळू सुटल्यावरही रक्त बराच वेळ येतं. धुऊन गॉझ दाबून धरायचा, बस्स. लीच सॉक्स, म्हणजे जळवा आत शिरू न देणारे लांब मोजे, घाल. मात्र बुटांना मीठ-तंबाखू चोपडू नकोस, हातांना डासांचं मलमही नको. बेडूक पाणी कातडीतूनच घेतात आणि हवाही कातडीतून घेतात, असलं काही लागलं तर त्यांना बाधतं. इथली एक भेकाची (खरखरीत कातडीच्या बेडकाची) जात आंबोलीच्या परिसरातच सापडते. आपल्या पायाखाली ती येऊ नये एवढं तरी आपण बघायलाच हवं.

कॅमेऱ्यासाठी सिलिका जेल आणि दोन जुने पंचे पुरेत.

सावंतवाडी रोड स्टेशनला उतरलास की मी घ्यायला येतो. लीच सॉक्स माझ्याकडे जास्तीचे आहेत, गमबुटाचा नंबर तेवढा लगेच कळव. तुझ्या मापाचे इथे मिळाले नाहीत तर तिकडूनच घ्यावे लागतील.

तुझा,
मित्र