जलदुर्ग दालनातील एलईडी पडद्याच्या चुकीच्या नियोजनाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रकल्प व सेवा विभाग

विषय : १२ मीटर × ३.५ मीटर एलईडी पडदा – नियोजनातील दोष आणि पडदा बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आमच्या संग्रहालयाच्या जलदुर्ग दालनात आपल्या कंपनीने पडदा बसवला. तो चालू आहे. तो ज्या चौकटी जोडून बनला आहे त्या १६८ कॅबिनेटपैकी एकही बंद नाही, त्यामुळे आपला सेवा विभाग प्रत्येक तक्रारीवर ‘पडदा ओके’ असा शेरा मारून ती निकाली काढतो. माझी तक्रार यंत्राच्या बिघाडाची नाही, म्हणूनच हे पत्र सेवा विभागाच्या फॉर्मवर न लिहिता आपल्याला लिहीत आहे. हा पडदा आखताना आमच्या दालनात लोक कुठे उभे राहणार, हेच कोणी पाहिले नाही.

आपण बसवलेल्या मालाचा पिक्सेल पिच, म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांमधले अंतर, ३.९१ मिलिमीटर आहे. आपल्या धंद्यातला साधा ठोकताळा असा, की जितके मिलिमीटर पिच, निदान तितके मीटर प्रेक्षक लांब हवा. ठिपके डोळ्यांना अजिबात वेगळे दिसू नयेत असे वाटत असेल, तर अंतर साधारण साडेतीनपट लागते, म्हणजे या पिचला १३ मीटरच्या पुढे. आमच्या दालनात पडदा आणि त्याच्या समोरची भिंत यांच्यात अंतर आहे ६ मीटर. पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले तरी चित्र सलग दिसत नाही. आणि लोक भिंतीला टेकून उभे राहत नाहीत, ते पडद्यापासून दोन मीटरवरून चालत जातात, कारण दालनाची वाटच तिथून आहे. ही वाट आम्ही कोटेशन मागवतानाच नकाशावर बाणांनी दाखवली होती. आपल्या प्रतिनिधींनी टेप लावून भिंतीची लांबी-उंची घेतली, चौरस फुटांचा दर लावला आणि कोटेशन पाठवले. वाटेचे माप त्यात कुठेच आले नाही.

हे दालन कशासाठी आहे, हे पुन्हा सांगणे भाग आहे. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. एरवीही गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना होडीत चढता येत नाही, व्हीलचेअरवरच्या माणसाला तर नाहीच. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्या किल्ल्याची पायाभरणी झाली, २०२५ मध्ये जो इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला, तो या लोकांना आत शिरल्यासारखा दिसावा, तटावरून चालल्यासारखे वाटावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. चित्रफितीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे चुन्यात उमटलेल्या महाराजांच्या हाताच्या ठशाचा. कलाकारांनी त्यावर अतिशय मेहनत घेतली आहे. चुन्याचा खडबडीतपणा, बोटांच्या कडा, सगळे मूळ फाइलमध्ये आहे. आपल्या पडद्यावर दोन मीटरवरून तिथे फक्त करडे ठिपके दिसतात. शाळेची मुले पुढे जाऊन विचारतात, ‘हात कुठाय?’ आमच्या मार्गदर्शक मुलीला काठीने दाखवावा लागतो. हे पाहून मला फार वाईट वाटते, आणि रागही येतो, कारण हे टाळता आले असते.

बारीक पिचचा माल महाग असतो, हे मला मान्य आहे. पिच निम्मा केला की तेवढ्याच जागेत चौपट पिक्सेल बसतात आणि किंमतही त्या प्रमाणात चढते. पण मग तसे सांगायचे होते! १२ मीटरची भिंत भरलीच पाहिजे असा आमचा हट्ट कधीच नव्हता. ७ मीटर × ३ मीटरचा १.९५ पिचचा पडदा घेतला असता, तर क्षेत्रफळ आजच्या निम्मे आणि पिक्सेल आजच्या दुप्पट झाले असते. उरलेल्या भिंतीवर आम्ही जांभ्या दगडाच्या तटाची प्रतिकृती उभी केली असती. असा पर्याय समोर ठेवणे हेच तर नियोजन, आणि त्याचे पैसे आपण ‘डिझाइन व सल्ला’ या नावाखाली वेगळे घेतले आहेत.

ब्राइटनेसबाबत हेच झाले. ‘१००० निट्स’ (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) हा आपल्या माहितीपत्रकातला मोठ्या अक्षरातला मुद्दा. दालनात खिडकी नाही, दिवे मंद आहेत. अशा अंधारात १५० निट्स पुरतात. त्याहून जास्त ठेवले की समोर उभ्या माणसांचे डोळे दिपतात आणि फरशीवरून, भिंतीवरून उजेड उलटून पडद्यावर येतो, काळा रंग राखाडी होतो. म्हणून आज पडदा १५ टक्क्यांवर चालतो. तेवढ्यावर आणला की आपल्या ड्रायव्हर आयसींना, म्हणजे एलईडींचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या चिप्सना, गडद छटा सांभाळता येत नाहीत. रात्रीच्या समुद्राचे दृश्य, जिथे काळ्यातून हळूहळू निळे व्हायला हवे, तिथे सरळ पट्टे पडतात. अंधाऱ्या दालनासाठी कमी उजेडातली छटांची सफाई पाहून माल निवडायचा असतो. आपण जास्तीत जास्त उजेड विकलात. वर, त्याच आकड्याच्या हिशेबाने, प्रति चौरस मीटर ६०० वॉट धरून, आम्हाला २५ किलोवॉटचा भार पडद्यासाठी मंजूर करून घ्यायला लावले. थोडी मोकळीक ठेवावी लागते, हे कळते. पण जो उजेड या खोलीत कधी लावताच येणार नाही, त्याच्या विजेचा स्थिर आकार आम्ही दरमहा भरतो आहोत आणि त्याच्या उष्णतेसाठी घेतलेले जादा एसी नुसते टांगून आहेत.

आवाजाचेही सांगते. सादरीकरणात आपण लास वेगसच्या ‘स्फिअर’ या घुमटाकार प्रेक्षागृहाचे चित्र दाखवलेत आणि लाटांचा आवाज असाच पडद्यातून येईल म्हणालात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्या वास्तूत आवाज पडद्यामागून येतो हे खरे, पण तो पडदाच आवाज आरपार जाईल असा घडवलेला आहे. आमची कॅबिनेट बंद पाठीची आहेत. तरीही आपल्या ड्रॉइंगमध्ये स्पीकर पडद्यामागे दाखवले होते. बसवताना ते छताला टांगावे लागले, त्यामुळे आता तोफ समोर उडते आणि आवाज डोक्यावरून येतो.

दुरुस्तीची सोय तर विचारूच नका. मॉड्यूल, म्हणजे कॅबिनेटवरच्या एलईडीच्या पाट्या, पुढून निघतात, पण पॉवर सप्लाय आणि चित्राचा सिग्नल घेणारे रिसीव्हिंग कार्ड मागून उघडतात, आणि पडदा भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर आहे. त्या फटीत माणूस जाणार कसा? एक केबल सैल झाली तेव्हा आपल्याच तंत्रज्ञांना शेजारची कॅबिनेट उतरवावी लागली, दालन तोवर बंद. त्या कामात बदललेली मॉड्यूल वेगळ्या बॅचची निघाली. किनाऱ्यावरच्या फिक्या आभाळात आता एक गुलाबीसर चौकोन कायमचा दिसतो. एकाच बॅचमधले स्पेअर सुरुवातीलाच देऊन ठेवायचे असतात, हे आम्हाला त्याच तंत्रज्ञाकडून कळले. भला माणूस आहे, त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

खालच्या दोन ओळी मुलांच्या हाताशी येतात. मुले हात लावणारच, हात लावावासा वाटावा म्हणूनच तर दालन आहे. तिथे वरून पारदर्शक लेप असलेली मॉड्यूल हवी होती. आपण उघड्या एलईडीची दिलीत, कोपऱ्यावरचे दाणे निखळू लागले आहेत. शिवाय ही जागा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांसाठी सर्किट बोर्डांवर संरक्षक थर आहे की नाही, या प्रश्नाला आजतागायत उत्तर आलेले नाही.

माझ्या मागण्या अशा. आराखड्यावर ज्यांची सही आहे त्या अभियंत्यांनी स्वतः यावे, विक्री विभागाने नव्हे. दालन चालू असताना, लोक आत असताना, वाटेवर उभे राहून त्यांनी पडदा पाहावा. आजचा माल परत घेऊन ७ × ३ मीटरचा, १.९५ किंवा त्याहून बारीक पिचचा, पूर्णपणे पुढून दुरुस्त होणारा पडदा द्यावा, खालच्या ओळींना लेप आणि त्याच बॅचची किमान ५ टक्के स्पेअर मॉड्यूल द्यावीत. माल ठरवण्यापूर्वी एक चौरस मीटरचा नमुना आमच्या दालनात, आमच्याच चित्रफितीवर, १५० निट्सला लावून दाखवावा. परत जाणारी कॅबिनेट वाया जाणार नाहीत. एखाद्या मोठ्या सभागृहात, जिथे पहिली रांग पडद्यापासून दूर असते, तिथे ती उत्तम चालतील. किमतीतला वाजवी फरक द्यायला विश्वस्त मंडळ तयार आहे, मात्र ‘डिझाइन व सल्ला’ या सदराखाली घेतलेली पूर्ण रक्कम त्यातून वळती करावी. पडदा चालवणारी आमची मुले इथल्याच गावांतली आहेत, त्यांना सूचना-पुस्तिका मराठीत मिळावी. पावसाळ्यात पडदा काही दिवस बंद राहिल्यावर तो कमी उजेडावर कसा तापवत आणायचा, हे तरी तीत नीट लिहिलेले असावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अभियंत्यांच्या भेटीची तारीख लेखी कळवावी. तोपर्यंत शेवटचा हप्ता विश्वस्त मंडळाने रोखून धरला आहे. भेटीसाठी शक्यतो शाळांच्या सहलीचा दिवस निवडावा, मी दालनातच असेन.

आपली,
प्रकल्प समन्वयक,
संग्रहालय विश्वस्त मंडळ

सोबत : प्रेक्षकांची वाट दाखवणाऱ्या मूळ नकाशाची प्रत, आपले कोटेशन व ड्रॉइंग, दोन मीटरवरून घेतलेली छायाचित्रे.