ढालीचं बटण तुझ्याकडे

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, ‘मेलस्ट्रॉम म्हणजे ॲस्टेरॉइड्सची नक्कलच की रे.’ मला ते फार लागलं. म्हणून हे पत्र.

आधी मूळ व्हिडिओ गेम आठव, ॲस्टेरॉइड्स. अटारी कंपनीचा, १९७९ सालचा. काळा पडदा, त्यावर नुसत्या उजळ रेघा. यानातून गोळ्या झाडून अवकाशातला मोठा दगड फोडला की दोन मध्यम, मध्यम फोडला की दोन लहान. गुण २०, ५० आणि १००. सोबत छातीच्या ठोक्यासारखा धप-धप आवाज, हळूहळू वेग धरणारा. आणि यानाला ब्रेकच नाही! एकदा सुटलं की बराच वेळ वाहत राहायचं, उजवीकडून बाहेर पडून डावीकडून उगवायचं.

अँड्र्यू वेल्चनं १९९२ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी मेलस्ट्रॉम लिहिला, तो हाच सांगाडा घेऊन, हे मान्य. पण त्या रेघांना त्यानं अंग दिलं. दगड गरगरताना त्यांचे खड्डे दिसतात. धूमकेतू टिपला तर बोनस, यानाला ओढून घेणारे भोवरे वेगळेच. तरंगत येणारा डबा अंगावर घेतला, तर कधीकधी चक्क एअर ब्रेक मिळतात. मूळ गेममध्ये ज्यासाठी जीव तळमळायचा, नेमकं तेच बक्षीस! हे नक्कल करणाऱ्याला सुचत नाही. जो तासन्‌तास खेळलाय त्यालाच सुचतं.

शेअरवेअरची रीतही मला आवडते. आधी खेळा, आवडलं तर पैसे पाठवा. त्या विश्वासावर वेल्चनं पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रॉचेस्टरला अँब्रोसिया सॉफ्टवेअर ही कंपनी काढली.

आपल्यापर्यंत गेम आला तो सॅम लँटिंगा या प्रोग्रॅमरमुळे. १९९५ मध्ये त्यानं मेलस्ट्रॉम लिनक्सवर आणला. पुढे १९९८ मध्ये त्यानंच एसडीएल ही लायब्ररी, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठी तयार कोडचा संच, काढली, आणि मेलस्ट्रॉमची नंतरची आवृत्ती तिच्यावरच बांधली. आज असंख्य गेम तिच्या आधारानं चालतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

हॉस्टेलवरचा तो एकच कीबोर्ड आठवतो? वळणं आणि गोळ्या माझ्याकडे, यानाला वाचवणारी ढाल तुझ्याकडे. ढालीची पट्टी संपत आली की तू श्वास रोखून धरायचास, आणि मी ओरडायचो, ‘सोड, सोड बटण!’

काल रात्री मेलस्ट्रॉम पुन्हा संगणकावर बसवला. एकट्यानं ढाल सांभाळत खेळायला जमत नाही रे, बोटं जुन्याच जागी जातात. दिवाळीत येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये.

तुझाच,
रूम पार्टनर