कागदी बाहुली कापणाऱ्यांना तिची गोष्टही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी शिबिरांची माहिती आली आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, सगळीकडे कागदकाम आहे आणि त्यात कागदी बाहुली, म्हणजे कापून काढलेली आकृती नि तिला घालायचे सुटे कागदी कपडे, हमखास आहे. तिच्यासमोर लिहिलेला वयोगट मात्र खटकला: ५ ते ८ वर्षे. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यापासून कागदी बाहुल्या जमवते आणि स्वतः काढतेही. म्हणून हे पत्र.

माझी भाची अमेरिकेत राहते. तिथे कागदी बाहुल्या जमवणाऱ्यांची संमेलनं भरतात, तिच्यासारखी हौशी माणसं त्यांना जातात. प्रत्येक संमेलनाला एक विषय ठरलेला असतो आणि चित्रकार त्या विषयावर नवी बाहुली काढून सगळ्यांना भेट देतात. जुन्या बाहुल्यांची विक्री होते, प्रदर्शन असतं. पण मला मोलाचं वाटतं ते हे की व्याख्यान आणि हातकाम तिथे एकाच कार्यक्रमात असतं. कुणी एखाद्या चित्रकारावर किंवा जुन्या मासिकावर पडद्यावर चित्रं दाखवत बोलतं, आणि तीच ऐकणारी माणसं पुढे कात्री घेऊन टेबलाशी बसतात. आपल्याकडे व्याख्यान झालं की शाल-श्रीफळ आणि आभार, आणि कार्यशाळा म्हटली की फक्त लहान मुलं.

बाहुलीबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. १८१० साली लंडनच्या फुलर कंपनीने ‘लिटल फॅनी’ची गोष्ट छापली. तिच्यात मुलीचं डोकं सुटं होतं आणि गोष्टीतल्या प्रसंगाप्रमाणे ते वेगवेगळ्या पोशाखांत खोचायचं. दोनच वर्षांनी बोस्टनमध्ये त्याच धर्तीची ‘लिटल हेन्री’ची गोष्ट आली. १९४५ मध्ये सुरू झालेल्या ‘केटी कीन’ या चित्रकथेत तर वाचक मुलामुलींनी पाठवलेले पोशाख त्यांच्या नावासह छापले जात. माझ्या सर्वांत जवळची आहे जॅकी ऑर्म्स. या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात ‘टॉर्ची’ची चित्रकथा काढली आणि तिच्याबरोबर टॉर्चीची कागदी बाहुली नि कपडे दिले. एरवी छापील चित्रांत आपल्यासारखी, नीटनेटकी, रुबाबदार मुलगी ज्या कृष्णवर्णीय मुलींना क्वचितच दिसायची, त्यांच्या हातात ती वर्तमानपत्रातून आली. हे ऐकलेल्या मुलीने नंतर कात्री धरली तर ती नुसतीच रेघेवरून कापणार नाही, आपल्या आजीच्या बाहुलीला काय नेसवायचं याचा विचार करेल.

आणि तिथेच खरी कारागिरी सुरू होते. बाजारात मिळणाऱ्या तयार बाहुल्यांना झगे असतात, खांद्यावर दोन पट्ट्या दुमडल्या की काम झालं. नऊवारीला हे चालत नाही, कारण कागदी कपड्याला फक्त पुढची बाजू असते आणि कासोटा मागे असतो. मी पुढची आणि मागची बाजू खांद्यापाशी जोडलेली ठेवून एकत्र कापते, मग साडी बाहुलीच्या अंगावर दोन्हीकडून बसते. डोक्यावरचा पदर हवा असेल तर पदराच्या कागदाला कपाळाच्या वर बारीक चीर द्यायची आणि डोकं तिच्यातून पुढे काढायचं. बाहुलीचे हात अंगापासून थोडे सुटे काढावे लागतात, नाहीतर कोणताही कपडा नीट बसत नाही. बाहुलीचा कागद जाड हवा, कपड्यांचा पातळ. कपड्याचा आकार काढायला बाहुली खिडकीच्या काचेवर धरून वर कागद ठेवला की पुरे. आतली भोकं आधी कापायची, बाहेरची कड नंतर, आणि वळणावर कात्री न वळवता कागद वळवायचा. हे सगळं पाच वर्षांच्या मुलाने आपलं आपण करावं अशी अपेक्षा कशी ठेवायची?

खान्देशात काढायला काय कमी आहे! लमाण तांड्यावरच्या बायकांचा आरशांचा पोशाख, सातपुड्यातल्या पावरा बायकांची चांदी, नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीत नाचणारा, मोरपिसांचा उंच टोप घातलेला आणि कमरेला दुधी भोपळे बांधलेला बुध्या, भाद्रपद पौर्णिमेपासून गुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जाणाऱ्या पोरी. यातलं बरंच आता फोटोपुरतं उरत चाललंय. पोशाख कागदावर उतरवायचा तर प्रत्येक दागिना कुठे सुरू होतो नि कुठे अडकतो हे नेसणाऱ्या बाईला विचारावं लागतं. विचारता विचारता आपोआप नोंद होते.

आपल्याकडे असं संमेलन भरलं तर त्यात बाहुल्यांच्या जपणुकीवरही एक सत्र हवंच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्या उन्हाने कागद ठिसूळ होतो. फाटलेला हात जोडायला लोक सेलोटेप लावतात आणि काही वर्षांत तिथे तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशन तर करूच नये, ते पुन्हा काढता येत नाही. बाहुल्या आम्लरहित कागदाच्या घडीत, सपाट, अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात.

असं एक दिवसाचं संमेलन चाळीसगावला व्हावं असं माझ्या मनात आहे. छायाचित्रकार केकी मूस यांनी त्याच गावात आपल्या बंगल्यात बसून टेबलावर छोट्या वस्तू मांडल्या आणि त्यांचे फोटो काढून अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. लहान आकाराच्या कलेला तिथे कुणी हसणार नाही. सकाळी दोन व्याख्यानं, दुपारी सगळ्यांचं कापकाम, आणि जमवणाऱ्यांनी आपापल्या पेट्या घेऊन यावं. मी नऊवारीचं टेबल सांभाळायला तयार आहे. वयाची अट ठेवू नये. आज्या आल्या तर फार बरं, कारण कासोटा कसा घालायचा हे त्यांनाच विचारायचंय.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. बोस्टनच्या वर्तमानपत्रांनी १८९० च्या दशकातच कागदी बाहुल्या छापून दिल्या होत्या. आपण बालपुरवणीत महिन्यातून एकदा खान्देशातली एक बाहुली आणि तिचे दोन पोशाख छापावेत. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, तेव्हा जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटवून मग कापा, एवढी सूचना खाली द्यावी. वाचकांनी पाठवलेला पोशाख निवडलात तर काढणाऱ्याचं नाव आणि गाव जरूर छापा. आणि कृपा करून त्या चौकटीच्या मागच्या बाजूला शब्दकोडं किंवा बातमी नको, ती जागा कोरी सोडा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव