झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबणार कधी?

महोदय, पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद करून पादचारी दिन साजरा होतो, चांगलंच आहे, पण बाकीच्या ३६४ दिवसांचं काय? महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, केंद्राच्या २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांप्रमाणे सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर गाडीने थांबून त्याला आधी जाऊ द्यायचं, आणि मे २०२५ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चांगला फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे कायदा आहे, अंमलबजावणी नाही.

हेल्मेटची पावती लगेच फाटते, पण पायी चाललेल्याला वाट दिली नाही म्हणून कुणाला दंड झालेला मी तरी अजून ऐकला नाही. शिवाय लाल सिग्नलला पट्ट्यांवरच गाड्या उभ्या, फूटपाथवरून दुचाकी, मग म्हाताऱ्या माणसांनी आणि शाळेच्या पोरांनी जायचं कुठून?

चौकाचौकात कॅमेरे आहेतच ना, मग त्यातून झेब्रा क्रॉसिंगवर घुसणाऱ्यांनाही रोज ई-चलन पाठवा, आणि अशी किती चलनं गेली तो आकडा वाहतूक शाखेने दर महिन्याला वेगळा जाहीर करावा.

- एक पादचारी, पुणे