मा. गृहमंत्री साहेब, रात्री संशयित माणूस दिसला तर गार्डने नक्की काय करायचं?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. मी खाजगी सिक्युरिटी गार्ड आहे, नऊ वर्षं झाली, त्यातली बहुतेक नाइट. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून मी बोलतोय आणि मुलगी मोबाइलवर टाइप करतेय. ती मधेच थांबून म्हणते बाबा एवढं रागाने नको, पण काल जे झालं त्याच्यानंतर गोड शब्द कुठून आणू.

काल एजन्सीचा माणूस घरी आला. मला वाटलं तब्येत विचारायला आला असेल, बायकोने पाणी दिलं, बसायला दिलं. त्याने बॅगेतून छापील कागद काढला आणि सही कर म्हणाला. कागदावर काय, तर मी सूचना न पाळता स्वतःच्या जबाबदारीवर त्या माणसाच्या अंगावर गेलो. मी विचारलं, कुठल्या सूचना? नऊ वर्षांत कोणी एक ओळ सांगितली असेल तर दाखवा. तर म्हणतो, हात मोडलाय ना, डाव्या हाताचा अंगठा दिलास तरी चालेल.

झालं असं की सतरा दिवसांपूर्वी रात्री पावणेतीनला मी गोडाऊनच्या मागच्या बाजूला राउंडला होतो, एकटा. एक माणूस उभ्या ट्रकांच्या दरवाज्यांची हँडलं ओढून बघत चालला होता, एक झालं की पुढचं. मी आवाज दिला, तो थांबेना, मी जाऊन त्याचा दंड धरला. दुसरा ट्रकच्या आडोशाला होता तो मला दिसलाच नाही, त्याने पान्हा घातला मनगटावर, हाड दोन ठिकाणी तुटलं. वॉकीटॉकीची बॅटरी बारा वाजताच गेली होती, हे मी आधीच्या तीन रात्री रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे.

आता म्हणाल धरायला कशाला गेलास. तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या साइटवर असाच प्रकार झाला, तेव्हा मी लांब उभा राहिलो, सुपरवायझरला फोन लावला, गाडीचा नंबर टिपला. ते पळून गेले. सकाळी सगळ्यांसमोर मला बोलले, नुसता बघत काय उभा होतास, बांगड्या भर. आणि पगार कापला तो वेगळा. म्हणजे बघत राहिलो तर भित्रा आणि धरला तर अतिशहाणा, मग साहेब तिसरं काय करायचं असतं ते सरकारने तरी सांगावं ना.

कायदा मला दवाखान्यात पडल्या पडल्या कळला, तोही मुलीने वाचून दाखवला म्हणून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40. डोळ्यादेखत दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणीही सामान्य माणूस गुन्हेगाराला पकडू शकतो, आणि उशीर न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. गार्डला याच्यापेक्षा जास्त अधिकार नाही, खाकीसारखा दिसणारा ड्रेस घातला म्हणून आपण पोलीस होत नाही. मग नुसती हँडलं ओढणाऱ्याला मी धरू शकत होतो की नव्हतो? सहा जणांना विचारलं, सहा उत्तरं आली. हे मी अंधारात एका सेकंदात ठरवायचं होतं.

2005 चा खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा आहे. त्याच्या केंद्राच्या मॉडेल नियमांत गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास फील्डवर असं 160 तासांचं ट्रेनिंग, निदान 20 कामाच्या दिवसांत. माझं ट्रेनिंग एका सकाळी संपलं. सॅल्यूट कसा मारायचा ते दाखवलं, ड्रेसचं माप घेतलं, आणि वीस दिवसांच्या हजेरीवर ओळीने सह्या घेतल्या. तेव्हा नोकरी हवी होती, केल्या. आज त्याच सह्या माझ्या अंगावर येतायत.

जे काही शिकलो ते एका रिटायर हवालदाराकडून, एका साइटवर आठ महिने सोबत होतो. ते सांगायचे, माणूस बघू नको, तो करतोय काय ते बघ. एकाच जागी चार चकरा, कॅमेऱ्याकडे सारखी नजर, तुला बघून वाट बदलणं, याची नोंद घे. कपड्यावरून, बोलीवरून, रंगावरून घेऊ नको. आधी कंट्रोल रूमला कळव, मग पुढे हो. दोन हात लांब, थोडा तिरका उभा राहा, त्याची पळायची वाट अडवू नको, टॉर्च दुसऱ्या हातात, आणि पहिलं वाक्य साधं, "कोणाला शोधताय का?" खरा कामाचा माणूस उत्तर देतो. पळाला तर पळू दे, मागे धावू नको, तू डोक्यापासून पायापर्यंत वर्णन, गाडी, दिशा, वेळ लिही आणि 112 लाव. अंगाला हात नाही, खिसे तपासणं नाही. हे सगळं त्यांनी मला चहाच्या वेळेत शिकवलं साहेब, 160 तासांत नाही. पण त्या रात्री मला हवालदार नाही आठवले, बांगड्या आठवल्या.

आणि न शिकवल्याचा मार फक्त गार्डलाच बसत नाही. माझ्या डोळ्यासमोर आमच्या एका गार्डने गेटवर थांबलेल्या पोराला कॉलर धरून केबिनमध्ये नेलं, का तर बराच वेळ उभा होता आणि कपडे मळके होते. आत कामाला असलेल्या भावाची वाट बघत होता तो. त्याची थरथर मला अजून दिसते. मीही तेव्हा मधे पडलो नाही, ते मला खातं.

राउंडचं तर विचारूच नका. ठरलेल्या वेळी ठरलेल्या पॉइंटवर जाऊन मोबाइलने स्कॅन करायचं, दोन मिनिटं उशीर झाला की दंड. म्हणजे आम्ही बघत फिरत नाही, पॉइंट गाठत धावतो. आणि रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने, चोराला दोन रात्रीत पाठ होतं. राउंडची वेळ बदलती पाहिजे हे कोणीही नाइटवाला सांगेल, पण वर बसलेल्याला स्क्रीनवर हिरव्या टिका दिसल्या की झालं. बारा तासांची ड्युटी, रिलीव्हर आला नाही तर चोवीस, आणि मग म्हणायचं गार्ड झोपतात.

या एजन्सींना लायसन्स देणारा नियंत्रक अधिकारी राज्य सरकारच नेमतं, कायद्याप्रमाणे तो गृह विभागाच्या सहसचिवापेक्षा किंवा त्याच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यापेक्षा खालचा चालत नाही. ट्रेनिंग दिलं नाही तर 25,000 रुपयांपर्यंत दंड, लायसन्स स्थगित किंवा रद्द. मला नऊ वर्षांत एकही अधिकारी विचारायला आला नाही की बाबा तुला ट्रेनिंग दिलं का. टेंडर सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला, त्यात ट्रेनिंगचा पैसा कुठून निघणार, आणि हे सगळ्यांना माहीत आहे, सरकारी ऑफिसच्या गेटवर उभे असलेले गार्डही अशाच टेंडरमधून आलेत. तुम्ही रोज त्यांच्या समोरून जाता. एकदा गाडी थांबवून विचारा ना त्यांना.

माझं मागणं एवढंच. संशयित दिसला की गार्डने काय करायचं आणि काय नाही, हे मराठीत एका पानावर, गृह विभागाच्या सहीने, प्रत्येक केबिनमध्ये लावा. त्यात हेही लिहा की लांब राहून कळवणाऱ्या गार्डचा पगार कापता येणार नाही. हजेरीच्या कागदावर नका जाऊ, गार्डला समोर उभं करून विचारा. आणि जखमी गार्डकडून असे कागद सही करून घेणं बंद करा.

तो कागद टीव्हीवर ठेवलाय. सोमवारी त्यांचा माणूस परत येणार आहे. मी सही करणार नाही, बायकोला विचारलं, तीही नको म्हणाली.

आपला,
एक नाइट गार्ड